लंकेच्या लाटा आणि एकटा प्रवासी

मराठी माणसाची परदेशवारी बहुतेक वेळा रजेला बांधलेली असते. मे महिन्याची रजा, नाहीतर दिवाळीची. सर्फिंग शिकायला एकट्यानं श्रीलंकेला निघालेली मंडळीही आधी रजा मंजूर करून घेतात, मग विमानाचं तिकीट काढतात आणि कुठल्या किनाऱ्यावर उतरायचं ते सगळ्यात शेवटी पाहतात. समुद्राचा हिशेब बरोबर उलटा आहे. मेच्या अखेरीस दक्षिणेला वेलिगामात पोहोचलात, तर समोर गढूळ, वाऱ्यानं विस्कटलेलं पाणी दिसेल. शिकवणाऱ्यांपैकी बरेच जण मुक्काम हलवून बेटाच्या दुसऱ्या अंगाला गेलेले असतील. ज्या फोटोंवर भुलून तिकीट काढलं, ती रांगेत येणारी निळी लाट त्या रजेत दिसेलच असं नाही. आणि त्याच आठवड्यात पूर्वेला, अरुगम बे इथे, हंगाम सुरू झालेला असेल.

हे सगळं मोसमी वाऱ्यामुळे होतं. साधारण मे ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा समुद्रावरून थेट लंकेच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर येतो. लाटेच्या पाठीवर असा वारा बसला, की ती वेळेआधीच कोसळते आणि तिच्यावर बोर्ड धरून ठेवणं कठीण होतं. बेट ओलांडून हाच वारा पूर्व किनाऱ्यावर पोहोचतो, तेव्हा मात्र तो जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. समोरून येणाऱ्या लाटेला तो थोपवून धरतो, तिची भिंत गुळगुळीत आणि उभी ठेवतो. सर्फर यालाच ऑफशोअर वारा म्हणतात आणि त्याच्यासाठी जीव टाकतात. नोव्हेंबरच्या आसपास ईशान्येचा वारा सुरू झाला, की पारडं फिरतं. पूर्वेला पाऊस आणि खवळलेलं पाणी, तर दक्षिणेला वेलिगामा, मिदिगामा, हिक्कडुवा इथे एप्रिलपर्यंत चांगले दिवस. आपल्याकडे कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात त्याचं, आणि जूनमध्ये वेलिगामाला सर्फर दिसत नाहीत त्याचं कारण एकच आहे.

हाच खेळ दिवसभरात लहान प्रमाणावरही चालतो. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलेले असतात. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. ऊन चढलं की दिशा बदलते आणि खारा वारा सुरू होतो. सर्फरांचा सगळा दिनक्रम या धड्यावर उभा आहे. उजाडता उजाडता पाण्यात उतरायचं आणि उन्हं तापायच्या आत बाहेर यायचं. नऊ वाजता नाश्ता आटोपून निघणाऱ्याला त्या दिवसातलं उत्तम पाणी बहुधा मिळत नाही.

एकट्यानं केलेल्या सर्फ-सहलीत चढउतार येणारच. पण त्यातले बरेचसे नशिबाचे नसतात, ते समुद्राच्या वेळापत्रकातून येतात, आणि हे वेळापत्रक शिकता येतं. सोबत कुणी असेल तर वाईट दिवस गप्पांमध्ये निघून जातो. एकट्याला तो सकाळपासून रात्रीपर्यंत पुरता भोगावा लागतो. म्हणून एकट्यानं जाणाऱ्यानं समुद्राची माहिती इतरांपेक्षा जास्त करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

वेलिगामाच्या उपसागरात फुटणारी चांगली लाट वेलिगामाच्या वाऱ्यानं तयार केलेली नसते. लंकेचं दक्षिण टोक म्हणजे देवुंदर, नकाशावरचं डोंड्रा हेड. तिथून सरळ दक्षिणेला निघालं, तर अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन लागत नाही. ४० ते ६० अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात पृथ्वीभोवती वाऱ्याला अडवणारं फारसं काही नाही, त्यामुळे तिथे वर्षभर वादळं फिरत असतात. या वादळांनी पाण्यात ओतलेली ऊर्जा लाटांच्या रूपात उत्तरेला निघते. जवळच्या वाऱ्यानं उठणाऱ्या खळबळीपेक्षा वेगळी, दूरवरून आलेली ही शिस्तबद्ध लाट म्हणजे सर्फरांचा स्वेल.

स्वेलचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा उंचीचा नसतो, तो आवर्तकालाचा असतो, म्हणजे एका लाटेच्या माथ्यानंतर दुसरा माथा येईपर्यंत जाणाऱ्या सेकंदांचा. खोल समुद्रात आवर्तकाल जितका मोठा, तितका लाटांचा वेग जास्त. १६ सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी सुमारे ४५ किलोमीटरनं सरकतो, ८ सेकंदांचा त्याच्या निम्म्यानं. मॅरेथॉनला सगळे एकदम सुटले तरी काही मैलांनंतर वेगवान धावपटू पुढे आणि बाकीचे मागे अशी वाटणी होते, तशीच इथेही होते. सहा हजार किलोमीटर अंतर १६ सेकंदांच्या लाटा साडेपाच-सहा दिवसांत कापतात, १२ सेकंदांच्या लाटांना सात दिवसांहून जास्त लागतात. म्हणून नवा स्वेल येताना आधी दूरदूरच्या, लांबलचक लाटा दिसतात आणि पुढच्या दिवसांत त्यांच्यामधलं अंतर कमी होत जातं.

हे गणित प्रत्यक्ष पाण्यात तपासणाऱ्यांमध्ये समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांचं नाव अग्रभागी आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज लागायचा. तो बांधण्याची पद्धत मंक आणि त्यांचे गुरू हराल्ड स्वेरड्रुप यांनी तयार केली. पुढे १९६३ मध्ये मंक आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत प्रशांत महासागरात मोजणी केंद्रांची साखळी उभारली आणि दक्षिणेतल्या वादळांच्या लाटांचा माग हजारो किलोमीटर काढला. वादळाच्या परिसरातून बाहेर पडल्यावर लांब आवर्तकालाच्या लाटा वाटेत फारच थोडी ऊर्जा गमावतात, हे त्यातून दिसलं. आज मोबाइलवर जो स्वेलचा तक्ता दिसतो, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

एकट्या प्रवाशाला याचा उपयोग काय? सर्फ-सहलीतले सगळ्यात कंटाळवाणे दिवस म्हणजे सपाट पाण्याचे. समुद्र तळ्यासारखा पसरलेला, बोर्डाचं भाडं चालू, आणि बोलायला कुणी नाही. पण लाट निघाल्यापासून पोहोचेपर्यंत पाच-सात दिवस जात असतील, तर सपाट दिवस आधीच दिसतात. ते गॉलच्या किल्ल्यासाठी ठेवा. क्रिकेटमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या मैदानाच्या पाठीशीच तो आहे आणि १९८८ पासून जागतिक वारशात आहे. किंवा खांदे आणि बरगड्या यांना विश्रांती द्या; नवशिक्याला ती लागतेच. तक्ता पाहताना दीड मीटर हा आकडा बघून खूश होऊ नका, शेजारचा सेकंदांचा आकडा वाचा. एक मीटरची ७ सेकंदांची लाट नुसती लुडबुड करते. एक मीटरचीच १५ सेकंदांची लाट दुपटीहून जास्त ताकद घेऊन येते आणि किनाऱ्याजवळ बरीच उंच उठते. नवशिक्यानं अशा दिवशी उत्साहाच्या भरात उतरू नये.

आणखी एक गोष्ट तक्त्यात कळत नाही, ती किनाऱ्यावर बसूनच कळते. लाटा एकसारख्या येत नाहीत. बराच वेळ लहान लहान लाटा येतात आणि मग तीन-चार, कधी सहा-सात मोठ्या लाटांचा ताफा येतो. हा सेट. वेगवेगळ्या आवर्तकालांच्या लाटा एकमेकींवर चढतात तेव्हा सेट तयार होतो. शांत पाणी पाहून कुणी आत शिरतो आणि अर्ध्या वाटेत सेट अंगावर येतो, हे नेहमीचं आहे. म्हणून बोर्ड वाळूत ठेवून वीसेक मिनिटं नुसतं बघावं. सेट किती वेळानं येतो, सगळ्यात मोठी लाट कुठे फुटते, लोक कुठून आत जातात, पडलेला माणूस कुठे वाहत जातो. सोबतीला मित्र असला तर तो एखादवेळी म्हणतो, "आज नको." एकट्याला हे कुणी सांगत नाही. ही वीस मिनिटंच त्याच्याकरता त्या मित्राचं काम करतात.

सुरुवात वेलिगामातच करावी, कारण तिथे तळाला वाळू आहे. कोलंबो फोर्ट स्टेशनातून सुटणारी मातारा मार्गावरची गाडी बराच वेळ समुद्राला खेटून धावते आणि अडीच-तीन तासांत वेलिगामाला सोडते. उपसागर रुंद, किनाऱ्याचा उतार सौम्य, लाट बऱ्याचदा कमरेएवढी. समोर ताप्रोबेन नावाचं टिकलीएवढं बेट, त्यावर १९२० च्या दशकात एका फ्रेंच गृहस्थानं बांधलेला बंगला. किनाऱ्यावर बोर्डांच्या रांगा आणि प्रत्येक रांगेमागे एखादा उन्हानं काळवंडलेला तरुण. भाव आधी ठरवावा, बोर्डावरच्या जुन्या चिरा त्याला दाखवून मोबाइलमध्ये टिपून ठेवाव्यात, मगच बोर्ड उचलावा. शिकताना मऊ फोमचा, आठ-नऊ फुटी बोर्ड घ्यावा. आखूड, टोकदार बोर्ड फोटोत शोभतो, पण नवशिक्याला त्यावर नुसतं झोपणंही जमत नाही.

पहिले धडे कमरेएवढ्या पाण्यात, फुटून गेलेल्या लाटेच्या फेसावर होतात. बोर्डावर पालथं झोपायचं, पायाची बोटं शेपटाजवळ. मान वळवून मागे पाहायचं. लाट दोन बोर्डांएवढ्या अंतरावर आली की हातांनी पाणी मागे सारायला सुरुवात. मग शेपूट उचललं जातं, आणि बोर्ड हातांशिवायच पुढे सरकू लागतो. तो क्षण पोटाला कळतो, डोळ्यांना नाही. तळहात बरगड्यांशी टेकवून छाती उचलायची आणि एका हिसक्यात दोन्ही पाय खाली आणायचे. याला पॉप-अप म्हणतात. नवशिके गुडघ्यावर थांबतात, नाहीतर खाली बोर्डाकडे पाहतात. पायाकडे पाहणारा पायाशीच पडतो. नजर किनाऱ्यावरच्या माडाकडे ठेवा, असं तिथले शिक्षक ओरडून ओरडून सांगतात. वजन जास्त पुढे गेलं तर बोर्डाचं नाक पाण्यात खुपसतं आणि माणूस त्यावरून पुढे फेकला जातो. पडताना डोकं खाली घालून सूर मारायचा नाही. आडवं, पसरट पडायचं आणि वर येताना दोन्ही हातांनी डोकं झाकून घ्यायचं, कारण लीशनं पायाला बांधलेला बोर्ड तुमच्याच डोक्याकडे परत येत असतो.

शार्कच्या भीतीनं पाण्यात न उतरणारे खूप भेटतात. जगभरात वर्षाला माणसावर विनाकारण झालेल्या शार्क-चाव्यांच्या नोंदी साधारण साठ-सत्तरच्या घरात असतात. सर्फरांना प्रत्यक्षात इजा होते ती बहुतेक वेळा बोर्डानं, आणि बऱ्याचदा स्वतःच्याच बोर्डानं. बोर्डाखालच्या फिनची धार लागून फाटलेली पोटरी, भुवईवरचे टाके, ही खरी दुखणी आहेत.

वेलिगामाच्या फेसात पाय ठरला, की शेजारच्या मिदिगामाची ओढ लागते. तिथे तळाशी प्रवाळ आणि खडक. लाट पाण्याच्या खोलीवर फुटते: खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा पटीवर आली, की माथा पुढे कोसळतो. वाळूचा तळ सरकत असतो, म्हणून लाट आज इथे तर उद्या तिथे फुटते. खडक जागचा हलत नाही. म्हणून रीफवरची, म्हणजे अशा खडकावरची, लाट दर वेळी तिथेच, तशीच फुटते. लांब, भरवशाची, सुंदर. आणि पडलात तर सव्वा मीटर पाण्याखाली धारदार दगड. लंकेच्या भरती-ओहोटीतला फरक मीटरभराहूनही कमी असतो. मुंबईच्या उधाणाच्या भरतीची सवय असलेल्याला तो नगण्य वाटेल. पण खडकावर पाणीच थोडं असताना त्यातलं अर्धा मीटर कमी होणं म्हणजे बरंच काही. ओहोटीला तिथे समुद्री साळूचे काटे आणि खडकाचे माथे वर डोकावू लागतात.

खडकानं खरचटलेली जखम साधी दिसते आणि तिथेच माणूस फसतो. प्रवाळाचे बारीक कण आत राहतात, उष्ण दमट हवेत ती पटकन चिघळते. बाहेर आल्याआल्या भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवायची, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या जाळीच्या कापडानं चोळून कण काढायचे. डोळ्यांतून पाणी येतं, पण हे केल्याशिवाय गत्यंतर नाही. मग जंतुनाशक, मग कोरडी पट्टी, आणि जखम मिटेपर्यंत पाण्यात जाणं बंद. भोवतीची लाली पसरू लागली, ताप आला, तर घरगुती उपाय सोडून डॉक्टर गाठायचा. गॉलजवळ करापिटियाला मोठं सरकारी रुग्णालय आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घेतलेलं असावं. एकट्याची खरी अडचण इथे उभी राहते. खरचटलेली जागा पाठीवर असेल तर? आपला हात तिथे पोहोचत नाही. घरमालकिणीला हाक मारावी लागते. लंकेतल्या छोट्या गेस्ट हाउसांमध्ये बहुधा एक कुटुंब राहत असतं, आणि घरातली अक्का पट्टी बांधताना रागावते, मग कोला केंदाची, म्हणजे रानपाल्याच्या रसात शिजवलेल्या भाताच्या पेजेची, वाटी पुढे करते. म्हणून माझा आग्रह असतो की एकट्यानं जाणाऱ्यानं मोठ्या हॉटेलात राहू नये. जिथे संध्याकाळी तुम्ही परतला नाहीत हे कुणाच्या तरी लक्षात येईल, अशा घरात राहावं.

आता रिप करंटबद्दल, कारण हे ज्ञान लंकेपुरतं नाही. लाटा किनाऱ्यावर सतत पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूतल्या एखाद्या खोल चरीतून जोरानं समुद्राकडे जातं. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, फक्त आत नेतो. पण वेग वाढला की पट्टीचा पोहणाराही त्याच्याविरुद्ध जिंकत नाही. किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं हात मारणारा थकतो, आणि थकलेला बुडतो. गंमत अशी वाटते की रिपची जागा वरून सगळ्यात शांत दिसते: दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्ये गडद, सपाट पट्टा. कोकणात सहलीला आलेले लोक नेमके त्या शांत पट्ट्यात पोरांना घेऊन उतरतात आणि जवळपास दर वर्षी आपण वर्तमानपत्रात बातम्या वाचतो. रिपमध्ये सापडलात तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. पट्टा सहसा फार रुंद नसतो. आडवं जमत नसेल तर तरंगत राहायचं आणि हात वर करून मदत मागायची. बोर्ड असेल तर तो कधीही सोडायचा नाही, तोच तुमचा तराफा. अनुभवी सर्फर याच रिपचा वापर करून हात न दुखवता आत जातात. तेच पाणी, ओळख असली की सोय आणि नसली की घात.

लाटा फुटतात त्या रेषेवर, लाइन-अपवर, बोर्डांवर बसून राहिलेल्या अनोळखी लोकांचा एक समाज असतो. त्याचा मूळ कायदा एका वाक्याचा आहे: लाट जिथे आधी फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो आहे, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात दुसऱ्यानं उठणं म्हणजे ड्रॉप-इन, आणि त्यावरून भांडणं होतात. एकटा पाहुणा इथे सगळ्यात खालच्या पायरीवर असतो. स्थानिक पोरं रोज इथे उतरतात, लाटा त्यांना तोंडपाठ आहेत. कडेला बसावं, हसून मान हलवावी, पहिल्या काही लाटा सोडून द्याव्यात. मोठ्या गटानं येणारे पर्यटक आपसात बोलत राहतात आणि स्थानिकांना चिडवतात. एकट्याला मात्र दोन-तीन दिवसांत कुणीतरी "ही घे" म्हणून लाट देऊ करतो. एकट्यानं जाण्यातला हा मोठा फायदा आहे आणि तो पैशानं मिळत नाही. अनोळखी माणसाची शाबासकी ओळखीच्यापेक्षा खरी असते, हे तिथे समजतं.

अडचणी मात्र बारीकसारीक असतात आणि त्यांचा विचार कुणी करत नाही. खोलीची किल्ली कुठे ठेवायची? लीशच्या पट्ट्यात किल्लीपुरता कप्पा असतो, तो निघण्याआधी बघून घ्यावा. मोबाइल आणि पासपोर्ट खोलीत, किनाऱ्यावर पिशवी टाकून जाऊ नये. पाठीला सनस्क्रीन लावायला कुणी नाही, म्हणून पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड घालावा. प्रवासविम्यात सर्फिंग धरलेलं आहे का, हे कागद वाचून पाहावं. अनेक पॉलिसींमध्ये ते साहसी खेळ म्हणून वगळलेलं असतं. आपला बोर्ड विमानातून न्यायचा की तिथे भाड्यानं घ्यायचा? पहिल्या सहलीला भाड्यानंच.

एकट्या बाईनं जावं का, हा प्रश्न मला बायकाच जास्त विचारतात. जावं. दक्षिण किनाऱ्यावर एकट्या फिरणाऱ्या परदेशी स्त्रिया खूप दिसतात. पण त्रास होतच नाही असं सांगणं खोटं ठरेल. लगट करणारे किनाऱ्यावर भेटतात, शिकवण्याच्या निमित्तानं नको तितका हात लावणाराही एखादा निघतो. अशा वेळी मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं "नको" म्हणावं, पैसे टाकावेत आणि शिक्षक बदलावा. अंधार पडल्यावर किनाऱ्यावरून एकटीनं चालू नये. स्थानिक मुलींनी याहून मोठी लढाई दिली आहे. अरुगम बेला मुलींनी पाण्यात उतरणं घरच्यांना आणि गावाला मान्य नव्हतं. त्यातूनही २०१८ मध्ये अरुगम बे गर्ल्स सर्फ क्लब उभा राहिला. ज्या समुद्राकाठी जन्म झाला त्यात उतरायला त्यांनी परवानगी मागावी अशी अपेक्षा होती, पण ती न मागता त्यांनी तो हक्क म्हणून घेतला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

अरुगम बे हे प्रकरणच वेगळं. पोट्टुविल गावाशेजारी, कोलंबोहून रस्त्यानं सात-आठ तास, आगगाडी नाही. इथली वस्ती मुख्यतः तमिळ बोलणाऱ्या मुस्लिमांची, पहाटेची अजान ऐकून सर्फर उठतात. किनाऱ्यानं पुढे गेलं की ओकांदा येतं, जिथून कतरगामाच्या पायी यात्रेकरूंची वाट कुमनाच्या जंगलात शिरते. मुख्य लाट पॉइंट ब्रेक प्रकारची. दक्षिणेकडून आलेल्या स्वेलचा जमिनीकडचा भाग टोकाजवळच्या उथळ पाण्यात मंदावतो, खोल पाण्यातला भाग त्याच वेगानं पुढे जातो, आणि सगळी लाट टोकाला वळसा घालून उपसागरात शिरते. म्हणून ती एकदम न कोसळता एका कडेनं उलगडत जाते आणि सर्फरला लांबवर नेते. जुलै-ऑगस्टमध्ये इथे गर्दी एवढी की नवशिक्याचं पाण्यात असणं इतरांना धोक्याचं. त्यानं बेबी पॉइंटवर किंवा व्हिस्की पॉइंटला जावं. आसपासच्या खाजणांत मगरी आहेत. २०१७ मध्ये एका तरुण ब्रिटिश पत्रकाराचा त्यांच्यामुळे जीव गेला. खाजणाच्या काठाशी हातपाय धुवायला बसू नये. सांजवेळी रस्त्यावर हत्ती येतात, त्यामुळे उन्हं कलायच्या आत रिक्षानं परत फिरावं.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत श्रीलंकेतली तीस हजारांहून जास्त माणसं गेली. अरुगम बे उद्ध्वस्त झालं. हिक्कडुवाजवळ पेरालिया इथे आगगाडीच लाटांखाली सापडली आणि हजारावर प्रवासी दगावले. रूळांजवळ त्यांचं स्मारक आहे. तिथल्या कित्येक शिक्षकांच्या, घरमालकिणींच्या घरात कुणी ना कुणी त्या दिवशी गेलेलं असतं. पाहुण्यानं स्वतःहून विचारू नये. त्यांनी सांगितलं तर ऐकावं. आणि मुक्कामाला पोहोचताच उंचावर जायचा रस्ता कुठला, हे विचारून ठेवावं. हा प्रश्न विचारला की त्या लोकांना बरं वाटतं.

संध्याकाळी मात्र एकटेपण जाणवतं. सकाळी जी लाट मिळाली ती सांगायला कुणी नसतं, आणि फोनवर घरच्यांना त्यातलं काही कळत नाही. दिवस वाईट गेला असेल तर भाताच्या ताटासमोर बसून आपण हे कशासाठी करतोय असं वाटू लागतं. शरीर थकलं की मनही खचतं, हे त्यामागचं निम्मं कारण. नवशिक्याची प्रगतीही दोन पावलं पुढे, एक मागे अशीच होते. अशा वेळी उद्याचा तक्ता बघून झोपावं, निर्णय सकाळवर सोडावेत. थकलेल्या हातांनी "अजून एकच लाट" म्हणून उतरू नये. आजवर पाहिलेल्या बऱ्याच दुखापती त्या शेवटच्या लाटेवरच्या होत्या. आणि पाण्यात दुसरं कुणीच नसेल, तर लाट कितीही सुंदर असो, बोर्ड वाळूतच ठेवावा. राहा, फिरा, जेवा एकट्यानं. लाटांमध्ये कुणीतरी आसपास हवंच.

हे सगळं वाचून जायचं ठरलंच, तर आधी जवळच्या पोहण्याच्या तलावात नाव नोंदवा आणि न थांबता दोनशे मीटर पोहता येईपर्यंत तिकीट काढू नका. मग जानेवारी-फेब्रुवारीची रजा मागा, मेची नको. वेलिगामाला, वाळूवर, घरगुती गेस्ट हाउसात उतरा. दहा दिवस असतील तर त्यातले दोन-तीन सपाट जाणार, हे धरूनच निघा.